एकशे तीन दिवसांतले खरे बावीस

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडात मऊ लगद्याचा घास कोंबून ठसा घेतात, तो ठसा माझ्याकडे येतो आणि आठवड्याभरात माझ्या दुकानातून माणसाचं हसू तयार होऊन जातं. माझ्या कवळ्यांनी बरेच पराक्रम केलेत. एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी इतकी चपखल बसली होती की ते गेल्यावरही तिसऱ्या दिवसापर्यंत घरच्यांना दरडावल्याचा आवाज ऐकू येत होता. हे खरंच घडलं असा माझा दावा नाही. पण खोटं म्हणायला अजून कुणी पुढे आलेलं नाही, कारण म्हणणाऱ्याचे दात माझ्याकडे असतात.

दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. पुढे काउंटर, मागे ओटा, ओट्यावर पॉलिशची मोटर, प्लास्टरचं पिंप आणि गॅसची शेगडी. कवळी आधी मेणाची करायची, ती पितळी डबीत प्लास्टरमध्ये गाडायची, मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, डबी शिकंज्यात आवळायची आणि उकळत्या पाण्यात ठेवून द्यायची. दीड तास. त्या दीड तासात करण्यासारखं काहीही नसतं. आच मोठी करता येत नाही, झाकण काढता येत नाही. दुपारी दोन ते साडेतीन, शटर अर्धं खाली, पाणी खदखदतंय, आणि ओट्यावर ओळीनं मांडलेले जबडे, एकही बोलत नाही.

त्या दीड तासात मी फोनवर नको ते बघायला लागलो. उघडंनागडं. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग डबी शिजेपर्यंत, मग डबी शिजून करपेपर्यंत. चौसष्टाव्या वर्षी. एकदा एका बाईंची कवळी इतकी उकळली की फुगून सच्छिद्र झाली. डॉक्टरांना सांगितलं, मसाला खराब आला होता. मसाल्याचा काही दोष नव्हता.

आमच्या हिनं एकदा पाहिलं. डबा घेऊन आली होती, शटरखालून वाकून आत. डबा ठेवला, माझ्या चष्म्यावर प्लास्टरचा शिंतोडा होता तो पदरानं पुसला आणि गेली. महिन्यानं मुलाकडे गेली, दोन महिन्यांसाठी, नातवाला सांभाळायला. त्याला आता एकोणीस महिने झाले. नातू स्वतःच्या बुटांची नाडी बांधतो म्हणे. शेजाऱ्यांना मी सांगतो, "नातू तिला सोडत नाही." शेजारी मान डोलावतात. त्यांच्याकडे स्वतःचे दात आहेत, तरी बोलत नाहीत.

मग एका दुपारी, पाणी उकळत असताना, मी त्याच फोनवर 'हे बघणं थांबवायचं कसं' असं लिहिलं. वाटलं, आता औषधाच्या जाहिराती येतील. आल्याच. पण त्यांच्याखाली एक गट सापडला. माणसं तिथं खरं नाव सांगत नाहीत. रोज संध्याकाळी सातपर्यंत आपला आकडा लिहायचा, म्हणजे न बघता किती दिवस गेले तो. पडलात तर शून्य लिहायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. काय बघितलं त्याचं वर्णन करायचं नाही, पडलेल्याला टोचून बोलायचं नाही. इच्छा झाली की पळायचं नाही, भांडायचंही नाही. वीस मिनिटं बसून राहायचं, ती लाटेसारखी चढते आणि उतरते. बघण्याच्या जरा आधी मनात काय होतं तेही लिहून ठेवायचं. मी लिहिलं, 'काहीच नव्हतं.' खाली उत्तर आलं, 'त्यालाच एकटेपणा म्हणतात.'

उत्तर मावशीचं होतं. मावशी म्हणजे गटाची राखणदार, निवृत्त नर्स. तिनं आधी आपल्या नवऱ्याला या खड्ड्यातून ओढून काढलं, आणि मग ओढायची सवयच लागली. मी नाव घेतलं 'बत्तीशी'. मावशीनं मला जोडीदार लावून दिला. जोडीदार म्हणजे आपल्या वाईट वेळेला ज्याला निरोप लिहायचा तो. त्याचं नाव 'काटा'. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर वजनकाट्याच्या खोलीत बसायचा, ट्रक तोलायचा. वय सत्तावन्न, बायको वारलेली. त्याचीही वाईट वेळ दुपारचीच. जेवणवेळेला ट्रक ढाब्यावर थांबतात आणि काट्यावर कुणी येत नाही. मी त्याला काटोबा म्हणायचो, तो मला बत्तीशीदादा.

एकदा गंमत म्हणून तो स्वतःच काट्यावर उभा राहिला आणि छापून आलेल्या चिठ्ठीचा फोटो मला पाठवला. 'वाहन: नाही. वजन: ऐंशी किलो.' खाली लिहिलं, 'दादा, एवढ्या मोठ्या काट्याला मी जेमतेम जाणवतो.'

मी बावीस दिवस खरोखर काढले. तेविसाव्या दिवशी पडलो. संध्याकाळी आकडा लिहायला बसलो तर खाली काटोबाचा निरोप होता, 'दादा, तुमचे बावीस बघून माझे नऊ झाले.' आता सांगा, अशा माणसाला शून्य कसं दाखवायचं? मी तेवीस लिहिले. दुसऱ्या दिवशी चोवीस. खोट्याचं एक बरं असतं, ते रोज आपोआप एकानं वाढतं. खऱ्याला ढकलावं लागतं.

आणि नुसता आकडा लिहून थांबलो असतो तर मी कसला? चाळिसाव्या दिवशी कुणीतरी विचारलं, 'बत्तीशीदादा, एवढं जमतं कसं?' मी लिहिलं, 'दुपारी दोन वाजले की फोन घेतो, प्लास्टर कालवतो आणि फोन आत ओततो. अर्ध्या तासात दगड. संध्याकाळी कडेला एक टिचकी मारतो, ठोकळा उकडलेल्या अंड्यासारखा सोलून निघतो, फोन आत हसत असतो.' त्या ओळींना मिळाले तेवढे अंगठे मला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. एकानं लिहिलं, 'गुरू!' पुढे महिनाभर रोज कुणी ना कुणी विचारायचं, 'आज ओतला का?' मी म्हणायचो, 'ओतला. आज जरा पातळ झालं, फोनला सर्दी झालीय.' लोक हसायचे. सातच्या सुमाराला दुकानात बसून मी ते हसणं वाचायचो. दिवसभरात माझ्याशी बोललेली तेवढीच माणसं.

आकडा एकशे एकवर असताना, एका बुधवारी, काटोबाचा निरोप आला.

'दादा, लेकीनं कळवलंय. रविवारी चार वाजता फोन करणार. चार वर्षांनी. तिनं माझ्या फोनमध्ये ते सगळं पाहिलं होतं, तेव्हापासून बोलत नव्हती. तिच्याशी बोलताना माझे दिवस स्वच्छ हवेत. आज बाराच आहेत, पण रविवारी सोळा होतील. मध्येच पडलो तर फोनवर माझा आवाज तिला कळेल. म्हणून उद्यापासून मी पण तुमच्यासारखं करतो. प्लास्टर आणलंय.'

मी तो निरोप तीन वेळा वाचला. दोन शब्द लिहायचे होते, 'नको करू.' पण 'का नको' याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं.

तेवढ्यात त्याचा दुसरा निरोप. 'पाणी किती घालायचं?'

बघा, माणसाला त्याच्या धंद्यातलं कुणी विचारलं की जीभ आपोआप सुटते. मी लिहिलं, 'शंभर ग्रॅमला पन्नास मिली. पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही.'

'आणि फोन पिशवीत घालायचा का तसाच?'

इथं तरी पिशवी म्हणायला हवं होतं. पण एक झकास वाक्य सुचलं होतं आणि झकास वाक्य सुचलं की मला माणूस दिसत नाही. मी लिहिलं, 'तसाच, काटोबा. पिशवी ठेवली की मनाला परतीची वाट राहते.'

त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजले, काटोबाचा आकडा आला नाही. मी माझा एकशे दोन लिहिला. शुक्रवारीही आला नाही. शुक्रवारी दुपारी मी पडलो. डबी उकळत होती, मन बरं नव्हतं आणि बरं नसलं की मला तेच एक दार ठाऊक आहे. संध्याकाळी एकशे तीन लिहिले. खाली मावशीनं विचारलं, 'काटा दोन दिवस गप्प का? जोडीदारानं सांगावं.'

शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर मी ओट्याशी बसलो आणि तिला वेगळा निरोप लिहिला. सगळं लिहिलं. बावीस, तेवीस, प्लास्टर, पिशवी, रविवारचे चार. शेवटी लिहिलं, 'त्यानं पाठवलेल्या चिठ्ठीच्या फोटोत वर वजनकाट्याचा फोन नंबर छापलाय. पण फोन करायचा नाही असा आपला नियम आहे.'

मावशीचं उत्तर लगेच आलं. 'नियम मी केलाय, मोडायचा असेल तर मीच मोडीन. फोन करा. पण आधी गटावर खरं लिहा. नाहीतर त्याला पण एखादी गोष्टच सांगाल.'

'आधी फोन केला तर चालणार नाही का? वेळ कमी आहे.'

'बत्तीशी, दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? एरवी पानंच्या पानं लिहिता.'

मी लिहिलं. 'दिवस शून्य. एकशे तीन खोटे. खरे पहिले बावीस. फोन प्लास्टरात कधी घातला नाही. कुणी घालू नका, फोन मरतो.' वाचून पाहिलं. यापेक्षा नीरस मी जन्मात काही लिहिलेलं नाही. पाठवलं.

टोचायचं नाही असा नियम असल्यामुळे कुणी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. एकानं एवढंच लिहिलं, 'माझे सव्वीस तुमच्या जिवावर होते.' ज्यानं मला गुरू म्हटलं होतं तो काहीच न लिहिता गट सोडून गेला. मी दुकानातला जुना फोन पुढे ओढला आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

"काटा," पलीकडून आवाज आला. "गाडी भरलेली की रिकामी?"

"रिकामी," मी म्हणालो.

"गाडी नंबर?"

"काटोबा, मी बत्तीशी बोलतोय."

तिकडे एक ट्रक गुरगुरत होता. तो बंद झाला.

"दादा?" तो म्हणाला. "तुमचा आवाज जाड असेल असं वाटलं होतं. हा तर बारीक आहे."

"चाळीस वर्षं कवळीचा भुसा गिळतोय. काटोबा, तो फोन—"

"बरं झालं तुम्हीच केलात! अहो, ठोकळा निघेना. गुरुवारी संध्याकाळपासून टिचक्या मारतोय. बोटाचं नख काळं पडलं. काल रात्रभर उशाशी ठेवला होता, म्हटलं आपोआप सैल होतोय का बघू. माझंच काहीतरी चुकलंय. पाणी कमी पडलं का?"

"कुणाला विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारू? विचारलं की का घातला ते सांगावं लागतं. हातोडी घ्यावी तर आत फोन. म्हटलं, दादांचा रोज निघतो, माझा पण निघेल."

मी डोळे मिटले. समोर जबडे होते, तेही नकोसे झाले.

"माझा निघत नाही," मी म्हणालो. "मी कधी घातलाच नाही. गंमत केली होती."

"गंमत म्हणजे?"

"म्हणजे खोटं सांगितलं. आकडाही खोटा. बावीसनंतरचा सगळा."

"मग दुपारी तुम्ही काय करता?"

"बघतो."

"रोज?"

"रोज नाही. बरेचदा. कालही."

तिकडे हॉर्न वाजला. "गाडी आलीय," तो म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवला. बंद केला नाही. मी ऐकत बसलो. "मागे घे... अजून मागे... पुढची चाकं बाहेर आहेत रे, झोपलास का? हां. खाली उतर, तू वजनात नकोस." छपाईचा कर्रकर्र आवाज. दुसरी गाडी. मग तिसरी. आयुष्यात इतका वेळ मी कुणाचं काही न बोलता ऐकलेलं नाही. घड्याळात बारा मिनिटं गेली.

मग फोन उचलल्याचा आवाज. "कसं फोडायचं सांगा," तो म्हणाला. आवाजातला दादा गेला होता. "आणि खरं सांगा."

"करवत आहे?"

"हेक्सॉचं पातं आहे."

"ठोकळ्याला मधोमध चारी बाजूंनी खाच पाड. बोटाच्या एका पेरापेक्षा खोल जायचं नाही. फोन आडवा ओतलास की उभा?"

"आडवा. चपटा आहे ठोकळा. विटेएवढा."

"मग अरुंद कडेवर खाच घे. घाई नको. जिथं पातं गुळगुळीत चालायला लागेल तिथं थांब."

हे मला येतं. प्लास्टर फोडून आतली नाजूक चीज शाबूत काढायची हेच मी चाळीस वर्षं रोज करतो, हजारो वेळा केलंय, आणि हे मी गटावर एकदाही लिहिलं नव्हतं. त्यात रंगवण्यासारखं काही नाही. पातं खरखरत राहिलं. मध्ये एक गाडी आली. तो तिला "थांब जरा" म्हणाला, ड्रायव्हरनं शिवी हासडली, त्यानं परत केली.

"खाच झाली."

"आता स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेव आणि वरून हलके ठोके दे. एका जागी नको, फिरत फिरत. कडा कशी बोलते ते ऐक. ठणठणीत आवाज असेल तर पुढे जा. भसका, पोकळ आवाज आला की तिथंच जरा पीळ दे."

टक. टक. टक. मग भसका. मलाही ऐकू आला.

"निघाला," तो म्हणाला.

"सुरू होतोय?"

"नाही. सगळ्या भोकांत पांढरं गेलंय."

"तो जाऊ दे. तो गेला. सिमकार्डाची खोबण कुठे आहे? टाचणी घे."

मी काउंटरची कड धरून उभा होतो.

"आलं बाहेर. कार्डावर जरासा थर आहे."

"नखानं नको. कोरड्या फडक्यानं पूस, पिवळी बाजू हलक्या हातानं. दुसरा फोन आहे कुठला?"

"घरी जुना बटणांचा आहे. पण त्याची खोबण मोठी, हे कार्ड एवढंसं."

"पुठ्ठ्याची चौकट काप. कार्ड आत हलायला नको आणि कोंबायलाही नको. थोडं कापायचं, घासायचं, बसवून बघायचं. परत घासायचं. फोन लागला की इकडे या दुकानात फोन करून खात्री कर. माझा नंबर—"

"आलाय इथं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सहाला दुकानातला फोन दोनदा वाजला आणि मी उचलायच्या आत बंद झाला. एवढीच खात्री. रविवारी दुकान बंद असतं, तरी मी चार वाजता जाऊन बसलो. माझ्या फोनवर कुणी काही कळवणार नव्हतं. बटणांच्या फोनात गट येत नाही. पाच वाजता उठलो, सातला गटावर 'एक' लिहिलं. कुणी अंगठा दिला नाही. मावशीनं सुद्धा नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"काटा बोलतोय. आला फोन. अकरा मिनिटं."

"काय म्हणाली?"

"ते तुम्हाला नाही सांगणार."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मावशीला सांगा, काटा पडलेला नाही, आज सतरा आहेत. नवा फोन घेईपर्यंत गटावर येणार नाही. आणि आलो की मला दुसरा जोडीदार द्यायला सांगा."

मी काउंटरवरचं वाळलेलं प्लास्टर नखानं खरवडलं.

"राग नाहीये," तो म्हणाला. "शनिवारी तुम्ही फोन केलात म्हणून अकरा मिनिटं मिळाली, ते मला कळतं. पण उद्या तुम्ही म्हणालात पाऊस पडतोय, तरी मी खिडकीबाहेर हात काढून बघीन. अशा माणसाला दुपारी दोन वाजता काय लिहायचं?"

"खरंय."

"तुमचा आकडा?"

"एक. संध्याकाळी सात वाजता दोन होतील. झाले तर."

"हं," तो म्हणाला, आणि तिकडे गाडी आली असावी.

मावशीला निरोप दिला. तिनं लिहिलं, 'बरं. तुम्हाला जोडीदार म्हणून अजून कुणी मागितलेलं नाही. सध्या एकट्यानं बसा. आकडा मात्र रोज लिहा, शून्य असला तरी.'

आज दुपारी दोनला डबी पाण्यात ठेवली. शटर पूर्ण वर केलं आणि स्टूल उंबऱ्याशी आणून रस्त्याकडे तोंड करून बसलो. फोन खिशात आहे. पावणेतीनच्या सुमाराला लाट आली, चांगली छातीपर्यंत, आणि मी मांड्यांवर हात दाबून बसून राहिलो. वीस मिनिटं म्हणतात, माझ्या घड्याळात अठ्ठावीस झाली. तेवढ्यात रस्त्यानं एक बाई पिशवी घेऊन गेली, एक सायकल गेली आणि समोरच्या इमारतीतल्या माणसानं गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल आत घेतला. आणखी काही घडलं नाही. साडेतीनला उठून मी डबी पाण्यातून काढली आणि निवत ठेवली.